घरची मत्ता कशी मोजावी?

आपली सांपत्तिक स्थिति काय, असें विचारलें असतां बहुतेक गृहस्थ घर, गांवची शेती, सोनें व बँकेंतील ठेव इतकीं नांवें भराभर सांगतात. त्यांतून देणें वजा जातां उरेल ती खरी मत्ता, हेंहि सर्वांस ठाऊक असतें; परंतु मुळांत येण्याच्या बाजूस काय लिहावें याचा विचार फार थोडे करितात. धर्मशास्त्रांत 'भोग' आणि 'आगम' असा भेद केला आहे. भोग म्हणजे वहिवाट, आगम म्हणजे हक्काचें मूळ. नुसत्या भोगावरून मत्ता मोजूं गेल्यास हिशेब फसतो.

शीळफाट्याचेंच पाहावें. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना रस्ता व कल्याणकडून येणारा रस्ता जेथें मिळतात, त्या परिसरांत इमारतींची दाटी झाली आहे. येथेंच ४ एप्रिल २०१३ रोजीं लकी कंपाउंडमधील परवानगीवांचून उभारलेली इमारत कोसळून ७४ जीव गेले. खालीं बिऱ्हाडें राहावयास आलीं होतीं आणि वर मजले चढतच होते! अशा प्रसंगीं पैशाची गोष्ट काढणें निष्ठुरपणाचें वाटेल. तथापि स्वस्त मिळते म्हणून जागा घेऊं पाहणाऱ्या कुटुंबानें हें स्मरणांत ठेविलेंच पाहिजे. असल्या इमारतींतील खोलीस भोग आहे, आगम नाहीं. वहींत तिची किंमत शून्य धरावी.

यास्तव घराचा आंकडा लिहिण्यापूर्वीं बांधकामाचा परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि नोंदलेलें खरेदीखत नजरेखालून घालावें. सदनिका आपली झाली तरी तिच्याखालची जमीन पुष्कळदां मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नांवें राहते, आणि जुनी इमारत पाडून नवी बांधावयाची वेळ आली म्हणजे ही उणीव ध्यानांत येते. बिल्डरची संमति नसली तरी जमीन सोसायटीस मिळावी म्हणून २००८ सालीं 'मानीव अभिहस्तांतरणा'ची तरतूद झाली. शब्द अवघड खरा, पण कामाचा आहे.

वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरांचा बोगदा योजिला गेल्यापासून इकडील जागांच्या भावाच्या वार्ता फार ऐकूं येतात. वार्तेचा भाव वहींत लिहूं नये. शेजारच्या जागेचा व्यवहार प्रत्यक्ष ज्या दरानें नोंदला गेला, तोच धरावा.

एकत्र कुटुंबांत तर निराळाच घोंटाळा होतो. वडिलोपार्जित शेतांतील आपला हिस्सा तेवढा आपला, सबंध शेत नव्हे. आणि २००५ च्या दुरुस्तीनें कन्येसहि पुत्राप्रमाणें जन्मतःच हक्क मिळाला असल्यामुळें बहिणींस वगळून मनांतल्या मनांत केलेली वांटणीहि चुकीचीच. (ज्या मिताक्षरेचा आधार या विषयांत घेतात, ती विज्ञानेश्वरानें कल्याणास लिहिली, तें कल्याण मात्र कर्नाटकांतील, आपलें खाडीकांठचें नव्हे.) पत्नीचें स्त्रीधन पतीच्या मत्तेंत येऊंच नये. दागिने एकाच कपाटांत असले म्हणून स्वामित्व एक होत नाहीं. स्वतःचें सोनें मोजतांना देखील घडणावळ सोडून द्यावी. सराफ ती परत देत नाहीं.

देण्याच्या बाजूस घरावरील कर्ज सर्वजण लिहितात, परंतु स्नेह्याच्या कर्जास दिलेला जामीन कोणीच लिहीत नाहीं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, वेगळें ठरलेलें नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, आणि सावकार आधीं त्याच्याच दाराशीं येऊं शकतो. ती रक्कम निदान पेन्सिलीनें तरी टिपून ठेवावी.