करडईचे फूल केशर म्हणून विकू नका

केशराच्या डबीत करडईच्या पाकळ्या मिसळण्याचा उद्योग जुना आहे. आपल्यापैकी कोणी तो करीत असेल, तर त्याने कायदा क्षणभर बाजूला ठेवून नुसता हिशेब करून पाहावा. केशराची काडी टोकाला कर्ण्यासारखी रुंद होते. करडईची पाकळी म्हणजे बारीक नळी, टोकाला पाच फाटे. पाण्यात भिजवली की जाणते गिऱ्हाईक ओळखते, आणि मग त्या दुकानातल्या वेलचीवरही त्याचा विश्वास राहत नाही.

वास्तविक या फुलाला स्वतःच्या नावावर गिऱ्हाईक मिळू शकते. कुसुंबी रंग तो हाच. फुलात पिवळा रंग भरपूर, तांबडा मात्र शंभरात एक भागही नाही. म्हणून रंगरेज पाकळ्या फडक्यात बांधून पिवळे पाणी निघून जाईपर्यंत धूत, मग खार घालून तांबडा रंग सोडवीत आणि लिंबासारखे आंबट घालून तो सुतावर वा रेशमावर बसवीत. सारे काम थंड पाण्यात. पाणी तापले की तांबडा रंग बिघडतो. उन्हात व साबणात हा रंग उडतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. १८५६ नंतर आलेल्या रासायनिक रंगांपुढे तो मागे पडला, त्याचे एक कारण हेच. पिवळे पाणी फेकू नये, तुरटी दिलेल्या रेशमाला ते चालते.

बिर्याणी-जर्द्यासाठी पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून ते पाणी भातावर शिंपडावे. रंग येतो, केशराचा सुगंध येत नाही. येईल असे सांगूही नये. चिनी वैद्यकात हे फूल रक्ताभिसरणासाठी व पाळीच्या तक्रारींवर देतात. म्हणूनच गरोदर बाईला आणि रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्याला अत्तारांनी ते विकू नये.

माल सोलापूर-मराठवाड्यातला. काट्यांमुळे फुले वेचायला मजूर कां कू करतात, पण फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची 'नारी-६' ही बिनकाट्याची जात आहे. बी धरल्यावर पाकळ्या पिवळ्याच्या तांबूस होऊन सुकू लागतात, तेव्हा वेचल्या तर तेलाचे बी शेतकऱ्याच्या पदरात तसेच राहते. व्यापाऱ्याने पेरणीच्या वेळीच त्याच्याशी बोलून ठेवावे, माल सावलीत वाळवून घ्यावा आणि पुडीवर ठळक अक्षरांत 'करडईची फुले' असेच छापावे.