कातडी पेटीतील ओल

बंगळूरच्या हवेची ख्याती मोठी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात मुंबईचा घाम नाही आणि नागपूरचा उन्हाळाही नाही. म्हणूनच येथील जुन्या घरांतून एक गैरसमज दृढ झालेला आढळतो : येथे वस्तूंना ओलीचे भय नाही. माळ्यावरची ती लांबट कातडी पेटी मात्र निराळेच सांगते. तिच्यात आजोबांची दुनळी बंदूक असते, काडतुसांचा पट्टा असतो, दुर्बीण आणि सुरी असते. आसपासच्या अरण्यांतील शिकारकथा लिहिणारे केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) याच शहरात राहत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे ते युग संपविले. वस्तू तेवढ्या घरात राहिल्या, आणि आता त्यांचे मोल केवळ आठवणीचे आहे. मोडलेले हत्यार नवे घेता येते. आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेला दस्ता पुन्हा मिळत नाही.

बंगळुरात वर्षाकाठी सुमारे ९० ते १०० सेंटिमीटर पाऊस पडतो. हा आकडा मोठा नव्हे. पण हा पाऊस मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो आणि सप्टेंबर–ऑक्टोबरात त्याचा जोर विशेष असतो. दुपार उबदार आणि रात्र गार, असा खेळ नित्य चालतो. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच तो रात्री गार पडलेल्या लोखंडालाही फुटतो. उघड्यावरची वस्तू वाऱ्याने सुकते, बंद पेटीतली सुकत नाही. हवेतील आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज वेगाने पसरतो, आणि ७० टक्क्यांच्या वर कातड्यावर व कापडावर बुरशी धरू लागते.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. जी देखणी पेटी आपण रक्षणासाठी वापरतो, तीच पुष्कळदा नाशाला कारण होते. कातडे ओल शोषून धरते. ते कमावताना वापरलेली आम्ले व क्षारही त्यात उरलेले असतात. अशा पेटीत मखमलीच्या अस्तरावर निजविलेली बंदूक बाहेरून सुखात दिसते, पण तिची खालची बाजू खवल्यासारखी गंजत जाते. पेटी प्रवासापुरती असावी. मुक्काम तिच्यात नसावा.

निगा राखण्यापूर्वी पहिला नियम सुरक्षिततेचा. बंदुकीला हात परवानाधारकानेच लावावा, नळीचे तोंड माणसांकडे नसावे, आणि ती रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी करून घ्यावी. काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत. मुलांना किल्लीची जागा ठाऊक नसावी.

मग नळी स्वच्छ करावी. गजाला कोरडी चिंधी लावून ती आरपार फिरवावी. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे करावे. त्यानंतर बंदुकीसाठी मिळणाऱ्या तेलाचा अगदी पातळ हात नळीच्या आतून व बाहेरून द्यावा. खोबरेल अथवा गोडेतेल कदापि वापरू नये. ही तेले कालांतराने चिकट होतात, धूळ धरतात आणि चाप व घोडा जखडून टाकतात. तेल अधिक तितके रक्षण अधिक, असेही नव्हे. जास्तीचे तेल ओघळून दस्त्यात मुरते व लाकूड मऊ पाडते. कपाटात बंदूक उभी ठेवताना नळीचे तोंड खाली करण्याची रीत यासाठीच आहे. दस्त्याला जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळून जिरवावेत आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत. हाताच्या घामात मीठ असते. म्हणून शेवटी धातूवरचे बोटांचे ठसे पुसायला विसरू नये. आतले यंत्र घरी खोलू नये. ते काम परवानाधारक कारागिराचे.

कुलपाचे कपाट आतल्या भिंतीला लागून असावे. बाहेरच्या भिंतीला अथवा फरशीला टेकलेली पत्र्याची ट्रंक रात्री लवकर गार होते. कपाटात सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. तिचे नारिंगी दाणे ओल शोषून हिरवट झाले की ते सुमारे १२० अंश उष्णतेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये. बाजारात मिळणाऱ्या, ओल शोषून पाणी साठविणाऱ्या डब्या येथे टाळाव्यात. ते पाणी खारट असते; सांडल्यास लोखंडाला पावसाहून अधिक घातक ठरते.

काडतुसे कातडी पट्ट्यात राहिली की पितळेला हिरवा कळंक चढतो. कागदी आवरणाची जुनी काडतुसे ओलीने फुगतात. ती वाळवून वापरण्याच्या भरीस पडू नये आणि कचऱ्यातही टाकू नयेत; पोलीस ठाण्यात विचारून त्यांच्या स्वाधीन करावीत. दुर्बीण म्यानातून काढून सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. भिंगावर एकदा बुरशीची जाळी धरली की काच कायमची खरवडली जाते. टॉर्चमधील सेल काढून ठेवावेत. सुरी म्यानात न घालता पुसून, तेलाचा हात देऊन कागदात गुंडाळावी. कॅनव्हास पूर्ण सुकल्याशिवाय घडी घालू नये.

भिंतीवर शिंगे वा भरलेले मुंडके असेल, तर त्याला उघड्या हाताने झाडपूस करू नये. जुन्या काळी कातडी टिकविण्यासाठी सोमल वापरीत. अशी वस्तू वारशाने आली असल्यास ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे निवेदन देणे कायद्याने आवश्यक आहे. मालकीचा दाखला असूनही ती ठेवण्याची इच्छा नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार ती त्यांच्याकडे सोपविता येते. बंदुकीचेही तसेच. परवानाधारकाच्या निधनानंतर ती पेटीत तशीच ठेवणे म्हणजे विनापरवाना बाळगणे होय. नवा परवाना होईतो ती पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षांची आहे. ती तारीख घरातील दोघांना तरी ठाऊक असावी.

एवढी सारी निगा वर्षातून तीनदा पुरेशी होते : मेच्या आरंभी पावसापूर्वी, ऑगस्टअखेर पावसाचा जोर वाढण्याआधी, आणि डिसेंबरात हवा कोरडी झाल्यावर. प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसात रिकामी कातडी पेटीही सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवावी. आणि परवान्याचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून बंदुकीपासून दूर, घरच्या इतर कागदपत्रांत ठेवावा. ओल कागदालाही सोडीत नाही.