रॅकेट मोकळी, वाणी बंदिवान

२ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री चीनच्या 'वेइबो' या समाजमाध्यमावर एक दीर्घ मजकूर प्रसिद्ध झाला. लिहिणारी होती पेंग शुआई, विम्बल्डन आणि फ्रेंच ओपनची दुहेरीतील विजेती. तिने ज्यांचे नाव घेतले ते झांग गाओली हे चीनचे माजी उपपंतप्रधान. २०१२ ते २०१७ या काळात ते कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च, सात जणांच्या स्थायी समितीचे सदस्य होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी घरी बोलावून आपल्याला शरीरसंबंधास भाग पाडले, असा त्या मजकुराचा आशय होता. हे दगडावर अंडे आपटण्यासारखे असले तरी आपण सत्य सांगणार, असेही तिने लिहिले होते. दगडाने आपला धर्म तत्काळ पाळला. अर्ध्या तासाच्या आत मजकूर नाहीसा झाला, तिच्या नावाचा शोध घेण्याच्या वाटा बंद झाल्या आणि पाठोपाठ ती स्वतःही लोकांच्या दृष्टीआड झाली.

आरोप खरा की खोटा, हे ठरविण्याचा अधिकार न्यायासनाचा आहे. परंतु आरोप ऐकून घेण्याचीच ज्या राज्यात सोय नाही, तिथे खरे-खोटे ठरणार कसे? या प्रकरणाची कोणतीही जाहीर चौकशी चीनमध्ये झाली नाही. म्हणून प्रश्न केवळ एका वृद्ध नेत्याच्या वर्तनाचा उरत नाही. ज्या खेळाडूच्या पदकांवर राज्यसत्ता आपली मालकी सांगते, तिच्या जिभेवरही ती मालकी सांगू शकते काय, हा खरा प्रश्न आहे.

राज्याने घडविलेली खेळाडू

पेंगचा जन्म १९८६ सालचा, हुनान प्रांतातील श्यांगतानचा. आठव्या वर्षी तिच्या हाती रॅकेट आली. बालवयातच हृदयातील दोषामुळे तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यातून उठून ती पुन्हा कोर्टवर उभी राहिली. तिचे पुढील घडणे झाले ते चीनच्या शासकीय क्रीडायंत्रणेत. लहान वयात मुले हेरायची, शासकीय प्रशिक्षणात आणायची आणि त्यांच्याकडून पदके काढून घ्यायची, अशी ही सोव्हिएत वळणाची पद्धत. प्रशिक्षक कोण, जोडीदार कोण, कोणत्या स्पर्धेला जायचे, हे सारे अधिकारी ठरवीत. खेळाडूच्या बक्षिसाच्या रकमेतील सुमारे ६५ टक्के वाटा यंत्रणेकडे जाई.

या व्यवस्थेला पेंगने २००५ मध्येच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आव्हान दिले. आपला प्रशिक्षक आणि आपले वेळापत्रक आपणच ठरविणार, असे तिने जाहीर केले. अधिकाऱ्यांनी तिला स्वार्थी ठरविले. मातृभूमीपेक्षा स्वतःला मोठी समजते, असा ठपका ठेवला. ज्या मुलीने शस्त्रक्रियेनंतर देशासाठी खेळायचे ठरविले, तिलाच देशप्रेमाचे पाठ देण्यात आले!

अखेर २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकनंतर ली ना, झेंग जी, यान झी आणि पेंग शुआई या चौघींना यंत्रणेबाहेर पडण्याची मुभा मिळाली. चिनी भाषेत या प्रयोगाला 'दानफेई', म्हणजे एकट्याने उड्डाण, असे म्हणतात. प्रशिक्षक आणि प्रवासाचा खर्च त्यांनी स्वतः करायचा आणि मिळकतीतील ८ ते १२ टक्के तेवढे यंत्रणेला द्यायचे, असा करार झाला.

परिणाम काय झाला? ली नाने २०११ मध्ये फ्रेंच ओपन आणि २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. ग्रँड स्लॅम एकेरीचे विजेतेपद मिळविणारी ती पहिली आशियाई खेळाडू ठरली. पेंगने तैवानच्या सिए सु-वेईच्या साथीने २०१३ चे विम्बल्डन आणि २०१४ ची फ्रेंच ओपन जिंकली. बीजिंग ज्या तैवानला गिळू पाहते, त्याच तैवानच्या मुलीबरोबर! फेब्रुवारी २०१४ मध्ये ती दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचली. एकेरीत असो वा दुहेरीत, चीनच्या कोणत्याही टेनिसपटूने हे स्थान त्यापूर्वी मिळविले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या एकेरीच्या उपांत्य फेरीत प्रखर उष्म्याने तिचे स्नायू आखडले. उपचार घेऊन ती परतली, पुन्हा खेळली, कोसळली आणि शेवटी तिला चाकांच्या खुर्चीतून न्यावे लागले. भारतीय प्रेक्षकांनाही ती अपरिचित नव्हती. २०१७ च्या अमेरिकन ओपनमध्ये सानिया मिर्झाच्या साथीने तिने उपांत्य फेरी गाठली होती.

ही यादी देण्याचे कारण एवढेच की, पेंग ही देशद्रोही नव्हती. २०१० च्या आशियाई खेळांत तिने चीनला एकेरीचे सुवर्णपदक मिळवून दिले. बीजिंग, लंडन आणि रिओ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये ती चीनकडून खेळली. तिचे भांडण राष्ट्राशी कधीच नव्हते. परंतु जिथे पक्ष म्हणजेच शासन आणि शासन म्हणजेच राष्ट्र असे समीकरण रूढ केले जाते, तिथे पक्षाच्या एका नेत्याविरुद्धची तक्रार हाही राष्ट्रद्रोह ठरतो. राष्ट्रभक्ती ही अंतःकरणातून उमलणारी भावना आहे. ती करासारखी वसूल करता येत नाही. देशाच्या नावाने गप्प बसविण्यात आलेल्या खेळाडूचा त्या देशाला अभिमान कसा वाटावा?

साक्षीदारांच्या देखत

'दानफेई'ने हात मोकळे केले, तोंड मात्र नाही. याची चुणूक आधीच दिसली होती. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून ली ना परतली तेव्हा हुबेई प्रांताच्या अधिकाऱ्यांनी तिच्या हाती आठ लाख युआनचे बक्षीस ठेवले. त्या समारंभातील तिचा निर्विकार चेहरा चीनभर चर्चेचा विषय झाला. जे यश यंत्रणा सोडल्यावर मिळाले, त्याच्याही छायाचित्रात यंत्रणेला उभे राहायचे होते.

पेंगच्या वाट्याला मात्र छायाचित्रांची एक वेगळीच मालिका आली. १७ नोव्हेंबर २०२१ रोजी चीनच्या शासकीय वाहिनीने तिच्या नावाचे एक पत्र प्रसिद्ध केले. महिला टेनिस संघटनेचे प्रमुख स्टीव्ह सायमन यांना उद्देशून लिहिलेल्या त्या पत्रात आरोप खरा नसल्याचे म्हटले होते. प्रसिद्ध केलेल्या चित्रात संगणकाचा कर्सरही तसाच राहून गेला होता. हे पत्र पेंगने लिहिले असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे, असे सायमन यांनी सांगितले. नंतर तिची छायाचित्रे आली, उपाहारगृहातील चित्रफीत आली. डिसेंबरमध्ये सिंगापूरच्या एका चिनी दैनिकाच्या प्रतिनिधीपुढे तिने सांगितले की, आपण लैंगिक अत्याचाराचा आरोप कधी केलाच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'लेकीप' या फ्रेंच दैनिकाला तिने मुलाखत दिली आणि तो मजकूर आपणच काढून टाकल्याचे सांगितले. प्रश्न आगाऊ मागविण्यात आले होते आणि दुभाषी म्हणून शेजारी बसला होता चीनच्या ऑलिम्पिक समितीचा अधिकारी.

काही मंडळी म्हणतात, 'तिनेच इन्कार केला, मग इतरांनी का बोलावे?' युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण 'नाही' या शब्दाला किंमत येते ती 'होय' म्हणण्याचे स्वातंत्र्य असेल तेव्हाच. पेंगचे पहिले निवेदन तिचे स्वतःचे होते. ते अर्धा तासही टिकू दिले गेले नाही. नंतरचे तिचे प्रत्येक निवेदन शासनाला सोयीचे होते आणि ते जगभर पोहोचविले गेले. कोणते निवेदन स्वयंस्फूर्त, हे सांगायला फार मोठी बुद्धी लागत नाही.

तत्त्वाचा भाव किती?

चीनची राजवट तिच्या स्वभावाप्रमाणेच वागली. प्रश्न आहे तो स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्यांचा. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष थॉमस बाख यांनी २१ नोव्हेंबर २०२१ रोजी तिच्याशी अर्धा तास दृकश्राव्य संभाषण केले आणि ती घरी सुखरूप आहे, असा निर्वाळा समितीने दिला. अडीच महिन्यांवर बीजिंगचे हिवाळी ऑलिम्पिक होते. त्याच्या तयारीची धुरा काही काळ याच झांग गाओलींकडे होती आणि २०१६ मध्ये बाख त्यांना भेटलेही होते. समितीने आपल्या धोरणाला 'शांत राजनय' असे नाव दिले. सुसंस्कृत भाषेत मूग गिळण्याला असेही म्हणता येते! त्याच ऑलिम्पिकच्या मशालयात्रेत चीनने गलवान संघर्षातील आपल्या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती मशाल दिली. भारताने निषेध म्हणून उद्घाटन आणि समारोप सोहळ्यांवर राजनैतिक बहिष्कार टाकला. खेळ आणि राजकारण वेगळे ठेवा, हा उपदेश यजमानाला मात्र कोणी केला नाही.

महिला टेनिस संघटनेने प्रारंभी तरी कणा दाखविला. १ डिसेंबर २०२१ रोजी तिने चीनमधील सर्व स्पर्धा स्थगित केल्या. २०१९ मध्ये चीनमध्ये संघटनेच्या नऊ स्पर्धा झाल्या होत्या आणि हंगामाच्या अंतिम स्पर्धेसाठी शेनझेनशी दहा वर्षांचा करार होता. एवढ्या पैशावर पाणी सोडणे सोपे नव्हते, हे मान्यच केले पाहिजे. संघटनेच्या मागण्या दोन होत्या: आरोपाची पारदर्शक चौकशी आणि पेंगची एकांतात भेट. एकही पूर्ण झाली नाही. तरीही १३ एप्रिल २०२३ रोजी संघटनेने चीनमध्ये परतण्याचा निर्णय जाहीर केला. परिस्थिती बदलण्याची चिन्हे नाहीत आणि खेळाडू व स्पर्धा यांना मोठी किंमत मोजावी लागत आहे, असे कारण दिले गेले.

येथे कालगणना तपासली पाहिजे. महामारीमुळे चीनची दारे २०२२ अखेरपर्यंत परदेशी स्पर्धांना बहुतांशी बंदच होती. म्हणजे दार बंद होते तोवर बहिष्कार टिकला आणि दार उघडताच चार महिन्यांत तो संपला! तत्त्वाची खरी परीक्षा सुरू व्हायची, नेमक्या त्याच वेळी परीक्षार्थी उठून गेला. तरीही टीकेचा सारा भार याच संघटनेवर टाकणे अन्यायाचे होईल. पुरुषांच्या संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने तर स्पर्धा स्थगित करण्याचे पाऊलही उचलले नव्हते.

चीनचे टेनिस थांबलेले नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये झेंग चिन्वेनने महिला एकेरीचे सुवर्णपदक पटकावले. तिच्या कर्तृत्वाचे कौतुक मोकळ्या मनाने झाले पाहिजे. पण पदकांच्या लखलखाटात एक गोष्ट झाकली जाऊ नये. २०२० च्या आरंभानंतर पेंग शुआई एकही व्यावसायिक सामना खेळलेली नाही आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर आजही कोणी दिलेले नाही.

सामर्थ्यशाली राष्ट्र कोणते, हे पदकतक्ता सांगत नाही. ज्या देशात एखादी सामान्य नागरिक सर्वोच्च सत्ताधीशाविरुद्ध तक्रार मांडू शकते आणि दुसऱ्या दिवशी उजळ माथ्याने बाजारात जाऊ शकते, ते राष्ट्र सामर्थ्यशाली. अवघ्या एका मजकुराने हादरणारी राजवट बाहेरून कितीही पोलादी दिसली तरी आतून भयग्रस्त असते. पेंगने आपला लेख अंड्याच्या उपमेने लिहिला. पण अंड्याला एवढे घाबरणारा दगड जगाने क्वचितच पाहिला असेल.