सापडले, पण उमगले का?

एखाद्याचे वजन ६० किलो असेल, तर त्यात क्वार्क या मूलकणांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा जेमतेम एक टक्का, म्हणजे सुमारे अर्धा किलो असतो. बाकीचे जवळपास सारे वजन येते ते प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या पोटात क्वार्कांना जखडून ठेवणाऱ्या प्रबळ बलाच्या ऊर्जेतून. या बलाचे समीकरण १९७०च्या दशकापासून आपल्या हाती आहे. ते सोडवणे मात्र महाकठीण, कारण हे बल वाहून नेणारे ग्लुऑन एकमेकांनाही ओढतात.

क्वार्कांची कल्पना मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी १९६४ मध्ये मांडली. तीन क्वार्कांचा प्रोटॉन, क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीचा मेसॉन, हा साधा हिशेब. चार किंवा पाचांच्या मोळीलाही समीकरणाची आडकाठी नव्हती, पण तशी मोळी दिसत नव्हती. २००३ मध्ये जपानमधील बेल प्रयोगाला एक्स (३८७२) हा कण सापडला, आणि जुन्या हिशेबात तो काही केल्या बसेना. त्यानंतर सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने २०१५ मध्ये पाच क्वार्कांचे आणि २०२१ मध्ये दोन चार्म क्वार्क असलेला चार क्वार्कांचा कण नोंदवला.

प्रत्येक वेळी ‘नवा कण सापडला’ अशी बातमी होते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: हे चार क्वार्क एकाच घट्ट गाठोड्यात आहेत, की दोन मेसॉन एकमेकांना सैलसर धरून आहेत? २०२१च्या कणाचे वस्तुमान दोन विशिष्ट मेसॉनांच्या बेरजेपेक्षा दहा हजारांत सुमारे एका भागाने कमी आहे. त्यामुळे दुसऱ्या शक्यतेला बळ मिळते. पण केवळ वस्तुमानावरून निकाल देता येत नाही. एक्स (३८७२)चा वाद तर दोन दशके उलटूनही मिटलेला नाही.

घाईने काय होते, तेही याच क्षेत्राने पाहिले आहे. पाच क्वार्कांच्या एका कणाचे भाकीत १९९७ मध्ये झाले. २००३ मध्ये जपानमधील एका प्रयोगाने नेमक्या त्याच वस्तुमानाजवळ खूण पाहिल्याचे जाहीर केले. पाठोपाठ इतर प्रयोगशाळांनाही तो ‘दिसला’ आणि स्पष्टीकरणांच्या निबंधांचा पाऊस पडला. अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेने कितीतरी पट अधिक नोंदी गोळा केल्या, तेव्हा खूण गायब झाली. जे शोधायचे तेच दिसू लागते, हा धोका विज्ञानालाही चुकलेला नाही. त्याची चूक पकडली तीही विज्ञानानेच, हे महत्त्वाचे.

म्हणूनच सैद्धांतिक अभ्यासाची खरी कसोटी सापडलेल्या कणाला नाव देण्यात नाही. न सापडलेल्या कणाबद्दल आधी बोलून तो धोका पत्करण्यात आहे. अवकाश आणि काळ यांची बारीक जाळी कल्पून महासंगणकावर मूळ समीकरणच सोडवण्याची ‘लॅटिस’ पद्धत हे काम करते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकही यात आहेत. दोन जड बॉटम क्वार्क असलेला चार क्वार्कांचा कण प्रबळ बलाने फुटणार नाही, असे या पद्धतीच्या वेगवेगळ्या गणनांतून निघते. तो अजून प्रयोगात दिसलेला नाही. दिसला तर समज पक्की होईल; तपशील जुळले नाहीत, तर आपले कुठे चुकले ते कळेल.

अशा गणनेला वर्षे लागतात, महागडे संगणक लागतात, आणि मथळा क्वचितच मिळतो. ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न विचारणे गैर नाही. पण जे बल आपले वजन घडवते, त्याच्याशी आपली ओळख अजून अर्धवट आहे. ती पुरी करण्यासाठी यंत्रांवर होणाऱ्या खर्चाइतकीच या निवांत, चिवट आकडेमोडीचीही पाठराखण व्हायला हवी. आणि पुढच्या वेळी नव्या कणाची बातमी वाचताना आपणही एवढे विचारावे: सापडला, छान, पण त्याला बांधून कोणी ठेवले आहे?