बुडाखालचं कातडं



मोटारीच्या सीटवर मेंढीचं कातडं घालावं की घालू नये, हा काय लिहायचा विषय आहे का, असं विचाराल. आहे. कातडं हा आमचाच विषय. व्यवस्थेनं तो पिढ्यान्‌पिढ्या आमच्या गळ्यात बांधला. आता तो एसी गाडीत जाऊन बसला म्हणून आम्ही सोडून द्यायचा?

लोह्यात गाड्या झाल्या. वस्तीतही दोन-चार आल्या. हप्त्यावरच्या, सेकंडहँड, पण आल्या. मला त्याचा आनंदच आहे. भाच्यानं गाडी घेतली आणि कव्हर बघायला मला नांदेडला घेऊन गेला. मामाला कातड्यातलं कळतं म्हणून. कळतंच. माझा बाप ढोर. छापलंय तसंच वाचा, ढोर. बाभळीची साल, हिरडा, चुना यांत त्याचे हात गेले. नखं मरेपर्यंत तांबडी होती.

दुकानदारानं पांढरंशुभ्र, गुबगुबीत कव्हर पुढं टाकलं. म्हणाला, ओरिजनल मेंढीचं, फॉरेनचं. मी बोटांनी लोकर फाकवली. खाली कातडं दिसायला पाहिजे होतं, दिसली कापडाची वीण. एक धागा उपटून काडी लावली. खरी लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि चिमटीत राख होते. हा धागा वितळला, त्याचा टणक मणी झाला. पॉलिस्टर. म्हणलं, भाऊ, ही मेंढी कारखान्यात व्यालीय.

दुकानदार हसला. काका, तुम्हाला एवढं कसं कळतं? आणि मग, सहज विचारल्यासारखं, आडनाव काय म्हणालात?

भाच्याचा चेहरा उतरला. मी तोंड उघडायच्या आत तो बोलला, मामा झेडपीत होते, रिटायर झालेत. तुम्ही रेक्झीनचंच दाखवा. आम्ही रेक्झीन घेऊन आलो.

मला राग दुकानदाराचा आला नाही. त्याचा धंदाच आडनावावर चालतो. राग आला तो त्या रेक्झीनचा. शिकल्या-सवरल्या पोरानं, स्वतःच्या पगाराच्या गाडीत, कातड्याला भिऊन प्लॅस्टिकवर बसायचं! ऑफिसातला कुणी गाडीत बसला, लोकरीवरनं हात फिरवला आणि ‘तुमच्याकडं हे बरं मिळतं’ असं म्हणाला तर? ही भीती. ही भीती कोणत्या दुकानात बदलून मिळते?

अरे, कातडं विटाळतं हे सांगितलं कुणी? ऋषी हरणाच्या कातड्यावर बसला की तप होतं. वाघाच्या कातड्यावर बसला की महादेव. आपल्या तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या वाघ्याची भंडाऱ्याची पिशवी वाघाच्या कातड्याची, असा रिवाज. कीर्तनात मृदंग वाजतो, त्याच्या तोंडाला कातडं. बुवा त्यावर थाप मारून कपाळाला हात लावतात. ते जनावर सोललं कुणी, कमावलं कुणी, हे बुवा विचारत नाहीत.

आणि मोट? इंजिन आणि मोटार येईपर्यंत अख्ख्या मराठवाड्याचे मळे मोटेवर भिजले. मोट कातड्याची. दिवसभर विहिरीत बुडायची, वर यायची. त्याच विहिरीचं पाणी पाटलाच्या माजघरातल्या रांजणात जायचं. कातडं पाण्यात बुडून विहीर बाटली नाही. ते कमावणारा काठावर चढला की बाटली. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. इकडं गावोगाव सवर्णांचा ऊस आमच्या कातड्यातनं पाणी पीत होता. म्हणजे विटाळ कातड्याचा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

११ जुलै २०१६. गुजरातेत उन्याजवळ मोटा समढियाळा. मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आमच्या पोरांना गोरक्षकांनी उघडं करून, गाडीला बांधून मारलं. गाडीला! व्हिडिओ सगळ्या देशानं बघितला. त्या गाडीच्या आत सीटवर कशाचं कव्हर होतं, ते कुणी बघितलं नाही.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानला प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली, नाव न घेता. ओरड झाल्यावर कंपनीनं कबूल केलं, की प्रेरणा भारतीय चपलेची. आपल्याकडचे पांढरपेशे लगेच खवळले, आमची संस्कृती चोरली म्हणून. कोल्हापुरी त्यांची संस्कृती, आणि रापी-आरी हातात धरणारा त्यांचा कोण?

आता कुणी शहाणा विचारेल, मग काय परत कुंडात उतरू? मुळीच नाही. मेलेली ढोरं ओढू नका, हे बाबासाहेबांनी सांगितलं. त्यावर शिंगं-खुरं-कातड्याच्या नफ्याचा हिशेब मांडणारे निघाले, तेव्हा ते म्हणाले, एवढा नफा असेल तर तुम्हीच करा. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी ही हकीकत सांगितली. पण ओढणं सोडा म्हणजे त्यातलं ज्ञानही लाजून विसरा, असा अर्थ त्यातनं कसा निघतो? चुना लागला की केस सुटतात, म्हणून लोकरीसकट कातडं कमवायचं तर चुना चालत नाही. सोलल्याबरोबर मीठ, मग तुरटी. हे माझ्या अंगठाछाप बापाला ठाऊक होतं. हेच चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत शिकलं की त्याला रसायनशास्त्र म्हणतात. आमच्या पोरींनी-पोरांनी तिथं जावं. कुंडात नव्हे, प्रयोगशाळेत.

बाप म्हणायचा, “कातडं वल्लं आसलं की वास येतो. कमावलं की पैशाचा वास येतो, आन् तव्हा आपुन तिथं नसतो.”

तेव्हा ज्याला गाडीत कातडं घालायचंय त्यानं घालावं. फक्त बघून घ्यावं. आपल्या धनगरांची दख्खनी मेंढी राठ केसाची. तिची लोकर घोंगडीला चांगली, त्या गुबगुबीत कव्हराला नाही. ते मेरिनोसारख्या मऊ लोकरीच्या परदेशी मेंढीचं. उन्हाळ्यात लोह्यात रेक्झीनवर पाठ चिकटते. लोकर घाम ओढते, वारं खेळू देते. पण गरम पाण्यानं धुवायचं नाही, उन्हात वाळवायचं नाही, वडवडून कडक होतं. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर ती जागा मोकळी पाहिजे. कव्हरनं दाबली तर फुगायच्या वेळी फुगणार नाही. परवडत नसेल तर धनगराकडनं घोंगडी घ्या, चिंचोक्याच्या खळीची, आणि तीच कापून शिवा. त्याचे दोन पैसे होतील.

आणि दुकानदारानं आडनाव विचारलं तर मोठ्यानं सांगा. मागच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग त्यालाच विचारा, हे कातडं कमावणाऱ्याला किती रुपये मिळाले?