अहवालानंतर काय?

हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशयातील खडे किंवा गर्भाशयाची पिशवी. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की रुग्णाच्या हाती रक्ताच्या तपासण्यांची यादी पडते. हिमोग्लोबिन, साखर यांच्या रांगेत एचआयव्हीची चाचणीही असते. ती कशासाठी, हे सहसा कोणी सांगत नाही आणि रुग्णही विचारत नाही. अहवाल 'निगेटिव्ह' आला तर त्याचा उल्लेखही होत नाही. 'रिअ‍ॅक्टिव्ह' आला, तर मात्र अनेकदा ठरलेली तारीखच रद्द होते. 'आमच्याकडे सोय नाही, मोठ्या रुग्णालयात न्या,' असे सांगितले जाते. तेही रुग्णाला नव्हे, तर बाहेर बसलेल्या नातेवाइकांना. एका कागदामुळे रुग्णाचे ऑपरेशन अडते, त्याचे गुपित फुटते आणि पुढे काय करायचे, हे त्याला कळतच नाही.

चाचणी करणे चुकीचे नाही. उलट एचआयव्हीच्या बाबतीत लवकर निदान होणे हेच रुग्णाच्या सर्वाधिक हिताचे आहे. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यनिहाय पाहता त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. त्यांच्यासाठी औषधे आहेत, ती मोफत आहेत आणि ती उत्तम काम करतात. भारतात मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक वर्षे सीडी-४ पेशी ठरावीक पातळीखाली घसरेपर्यंत औषधासाठी थांबावे लागे. २०१७ पासून ही अट उरलेली नाही. निदान झाले की उपचार सुरू, असे धोरण आहे. आता बहुतेकांना तीन औषधे एकत्र असलेली एक गोळी रोज घ्यावी लागते. ती नियमित घेतल्यास साधारण सहा महिन्यांत बहुतेकांच्या रक्तातील विषाणू इतका कमी होतो, की तो चाचणीत सापडतही नाही.

याचा फायदा एकट्या रुग्णाला होत नाही. ९ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात, लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये दिसून आले. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही या अभ्यासात सहभागी होती. विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे पुढील अभ्यासांनी सिद्ध केले. म्हणजेच प्रत्येक निदान हे उपचाराचे दार आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या चाचणीत तेच दार रुग्णाच्या तोंडावर बंद होते, ही खरी तक्रार आहे.

डॉक्टर आणि परिचारिकांची भीती खोटी नाही. सुई टोचते, ब्लेड लागते, रक्त उडते. पण ही भीती आकड्यांत मोजून पाहायला हवी. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे ३ असते. लस न घेतलेल्या व्यक्तीला हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता याच्या कित्येक पट असते. सुई टोचल्यावर शक्यतो २ तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करून २८ दिवस घेतले, तर एचआयव्हीचा मुळात थोडा असलेला धोकाही खूप कमी होतो.

शिवाय 'निगेटिव्ह' अहवाल म्हणजे अभयपत्र नव्हे. लागण नुकतीच झाली असेल, तर काही आठवडे ती चाचणीत दिसत नाही. अपघातात सापडलेल्या रुग्णाच्या अहवालाची वाट पाहायला तर वेळच नसतो. त्यामुळे प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य मानूनच हातमोजे, चष्मा, सुयांची सुरक्षित विल्हेवाट आणि निर्जंतुकीकरण यांची काळजी घेणे, हाच कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा मार्ग आहे. जिथे ही काळजी रोज घेतली जाते, तिथे एचआयव्ही बाधितासाठी वेगळी 'सोय' लागत नाही. जिथे ती लागते, तिथे इतर रुग्णांच्या बाबतीत काय चालते, हा प्रश्न साऱ्याच रुग्णांनी विचारायला हवा.

कायद्याने याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार चाचणीपूर्वी माहिती देऊन संमती घ्यावी लागते आणि चाचणीच्या आधी व नंतर समुपदेशन करावे लागते. आरोग्यसेवा देण्यासाठी या चाचणीची अट घालता येत नाही, एचआयव्हीच्या कारणावरून सेवा नाकारता येत नाही आणि संमतीविना अहवाल उघड करता येत नाही. कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधने आणि प्रतिबंधक औषध पुरवणे, हीदेखील याच कायद्याने संस्थेवर टाकलेली जबाबदारी आहे. २० किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. आपल्या जवळच्या रुग्णालयात या अधिकाऱ्याचे नाव दर्शनी फलकावर आहे का, हे वाचकांनी जरूर पाहावे.

व्यवहारात करायचे ते फार अवघड नाही. चाचणी करायची असेल, तर रुग्णाला समजेल अशा मराठीत विचारावे. अहवाल त्यालाच, एकांतात सांगावा. फाइलवर लाल शाईने खूण करू नये. एका किटवरचा 'रिअ‍ॅक्टिव्ह' अहवाल म्हणजे निदान नव्हे. सरकारी चाचणी केंद्रात वेगवेगळ्या तीन किटवर खात्री करूनच निदान पक्के होते, हे त्याला तेव्हाच सांगून तिथली चिठ्ठी द्यावी. पुढे एआरटी केंद्रात तो पोहोचला का, याची चौकशी करावी आणि वैद्यकीय कारण नसेल तर शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे करावी. १०९७ या मोफत मदत क्रमांकाची माहितीही द्यावी. सरकारच्या बाजूने, तालुक्याच्या गावातील लहान नर्सिंग होमलाही प्रतिबंधक औषध रात्री-अपरात्री मिळेल, अशी व्यवस्था हवी. औषध हाताशी असले, की भीतीही कमी होते आणि नकाराची सबबही उरत नाही.

एका रुग्णाला परत पाठवले, की त्याची गोष्ट गावभर होते. ती ऐकणारा दुसरा माणूस चाचणी टाळतो, तिसरा आपले निदान डॉक्टरांपासून लपवतो आणि चौथा क्षयरोगाने खंगल्यावरच रुग्णालयात येतो. औषध मोफत असूनही लोक उशिरा का येतात, याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. ज्या रुग्णालयाने चाचणी केली, त्याने त्या अहवालानंतर रुग्णाशी कसे वागायचे, हेही ठरवलेले असले पाहिजे. ती तयारी नसेल, तर रक्त घेण्याचा अधिकारही त्याला नाही.