वेशीवरची हजेरी

वेस म्हणजे काय हे आम्हाला शिकवायला कुणा पंडिताची गरज नाही. वेस आमच्या बापजाद्यांनी राखली. हातात काठी, खांद्यावर कांबळं, रात्रभर जागता पहारा. गावात कोण आलं, कोण गेलं, परका माणूस कुठं उतरला, चोराचा माग कुठं निघाला, ही सगळी खबर पाटलाला द्यायची ती महारानं. आणि उजाडलं की या वेसकरानं घरोघरची भाकर मागून जायचं कुठं? तर वेशीबाहेर. ज्यानं वेस राखली त्याला वेशीच्या आत घर नाही! जगात दुसरीकडं असा इमिग्रेशन अधिकारी सापडायचा नाही.

म्हणून सांगतो दोस्तांनो, आज जगभर सरहद्दींवर ज्या झडत्या वाढल्यात त्यांच्याकडं नुसतं पेपरातली बातमी म्हणून बघू नका. हा खेळ आपल्या ओळखीचा आहे.

आधी काय चाललंय ते बघा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं दारातच बाहेरच्या माणसाच्या बोटांचे ठसे आणि तोंडाचा फोटो घ्यायला सुरुवात केली. अमेरिका हे २००४ पासून करतेय. आता तिला तुमचा फोनही पाहिजे. २०२४ च्या एका आर्थिक वर्षात अमेरिकेच्या सरहद्दीवर ४७ हजारांच्या आसपास फोन आणि लॅपटॉप उघडून तपासले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये तिनं अनामतीची टूम काढली. सुरुवात मलावी आणि झांबियाच्या माणसांपासून : पाहुणा म्हणून यायचंय तर आधी पाच ते पंधरा हजार डॉलर ठेवा. परत गेलात की पैसे परत. युरोपच्या शेन्गेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली. अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. त्या एका वर्षात भारतातून ११ लाखांवर अर्ज गेले आणि दीड लाखाहून जास्त नाकारले गेले. गुणाकार तुम्हीच करा. दार न उघडण्याची ही कमाई आहे.

फी आणि रांग हा वरवरचा भाग झाला. मुळात जाऊन बघा. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात २१४(ब) म्हणून एक कलम आहे. साध्या भाषेत ते म्हणतं : पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून अर्ज करणारा माणूस इथं कायमचा घुसायलाच येतोय असं आम्ही धरून चालणार. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. म्हणजे आधी गुन्हेगार, मग माणूस.

हे कुठं ऐकल्यासारखं वाटतंय ना? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा! पारध्याच्या पोटी जन्मला, गुन्हेगार. कैकाड्याच्या पोटी जन्मला, गुन्हेगार. चोरी केली का नाही हा प्रश्नच नाही. रोज पोलिसात हजेरी द्यायची. गावाबाहेर जायचं तर पास काढायचा. पास नसेल तर आत. सोलापूरला तारेच्या कुंपणात याच माणसांची वसाहत केली होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आणि त्याच १९५२ साली अमेरिकेनं आपल्या कायद्यात लिहिलं की बाहेरून येणारा संशयितच. इथं वही मिटली, तिथं उघडली.

बोटांच्या ठशांचंही तेच. हे काही अमेरिकेच्या संगणकानं लावलेलं डोकं नव्हे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या गोऱ्या अंमलदारानं एका देशी ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. मग हीच शाई गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या बोटांना लागली. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या सरकारनं हिंदी माणसांवर ठसे देण्याची सक्ती आणली. आज पॅरिसच्या विमानतळावर कॅनडाची म्हातारी काचेवर चार बोटं ठेवते तेव्हा तिला ठाऊक नसतं की ही विद्या आपल्या लोकांच्या हातावर घोटलेली आहे. आधी वेशीबाहेरच्यांवर करून बघतात, पचलं की गावात आणतात.

आता बोंब कोण मारतंय ते बघा. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनी, कॅनडा, ब्रिटनच्या काही प्रवाशांना अमेरिकेच्या सरहद्दीवर पकडून कोठडीत ठेवलं. कुणी दिवस काढले, कुणी आठवडे. जगभरच्या पेपरांचे रकाने भरले. जर्मन सरकारनं आपल्या नागरिकांसाठीची प्रवाससूचना बदलली. त्या माणसांवर अन्याय झालाच, त्यात वाद नाही. पण जानेवारी २०१७ मध्ये सात मुसलमान देशांची माणसं एका सहीनं विमानातून उतरता उतरता अडकली तेव्हा आपल्याकडच्या किती लोकांनी टाळ्या पिटल्या ते आठवा. शाहरूख खानला २००९ साली न्यूअर्कला अडवलं, कलामांची २०११ साली न्यूयॉर्कला झडती घेतली, तेव्हा देशाची इज्जत गेली म्हणून केवढा आरडाओरडा! बडा माणूस अडला की देश अडतो. बिगारी अडला तर? तो अडायलाच जन्मलाय.

त्या बिगाऱ्याचंच बोलू. कारण त्याची वेस परदेशात लागत नाही, ती इथंच, आपल्या विमानतळावर लागते.

१९८३ चा उत्प्रवास कायदा. त्याखाली भारतीय पासपोर्टाच्या दोन जाती झाल्या. दहावी पास नाही, इन्कम टॅक्स भरत नाही, तर तुमच्या पासपोर्टावर इ.सी.आर.चा शिक्का. अर्थ असा की आखातापासून मलेशियापर्यंत ठरावीक १८ देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी काढा. दहावी झालेल्याला नको, टॅक्स भरणाऱ्याला नको. आणि गंमत बघा, ज्याला परवानगी लागत नाही त्याच्या पासपोर्टावर काहीच लिहिलेलं नसतं. कोरं पान. सवर्णाला जसं वाटतं की जात फक्त दलितालाच असते, अगदी तसं.

सरकार म्हणतं, हे तुमच्या संरक्षणासाठी. दलाल फसवतात, मालक पासपोर्ट काढून घेतो, पगार बुडवतो. खरं आहे, हे सगळं होतं. पण मग शिक्का दलालाच्या कपाळावर का नाही मारत? मालकाच्या का नाही? फसवणारा मोकळा आणि फसणाऱ्यावर खूण, हे कसलं संरक्षण? तीस वर्षांखालच्या बाईला या देशांत घरकामाला जायची परवानगीच नाही. तिचंही संरक्षण म्हणे! परवानगी नाकारून पोट भरत नाही. ती मग टुरिस्ट व्हिसावर जाते, दलाल दुप्पट पैसे घेतो, आणि तिकडं पोचल्यावर तिच्याकडं कुठलाच कागद उरत नाही. ज्या दलालापासून वाचवायचं होतं, त्याच्याच हातात कायद्यानं तिला नेऊन दिली.

आमच्या वस्तीतला एक गवंडी. बहीण दुबईला, तिच्या घरी महिनाभर चालला होता. फिरायला जायला परवानगी लागतच नाही. परतीचं तिकीट होतं, बहिणीचं पत्र होतं. तरी काउंटरवरून बाजूला काढला. कुठं काम करणार? कुणी पाठवलं? बहीण नक्की सख्खी का? हात दाखव. हात! हातावरचे घट्टे बघून साहेबानं ठरवलं की हा फिरायला जाणारा माणूसच नव्हे. विमान गेलं. तिकिटाचे पैसे गेले. तो मला म्हणाला, "दादा, फिरायला जायला हात मऊ लागतात व्हय?" मी काय सांगणार? त्याच विमानतळावर जानेवारी २०२५ पासून 'विश्वासू प्रवाशां'साठी वेगळं दार आहे. आधी ठसे नि माहिती दिली की यंत्रासमोर उभं राहायचं, फाटक उघडतं. विश्वासू कोण, संशयित कोण, हे दाराच्या पाटीवरच आलं.

जानेवारी २०१८ मध्ये तर कहर झाला होता. सरकारनं जाहीर केलं की इ.सी.आर.वाल्यांच्या पासपोर्टाला नारिंगी कव्हर घालणार. बाकीच्यांचं निळं, यांचं नारिंगी. लांबूनच कळावं कोण येतंय! पेशवाईत आमच्या गळ्यात मडकं होतं, कमरेला खराटा होता. पुढं ते सुटलं म्हणून इतिहासाची पुस्तकं सांगतात. एकविसाव्यात पासपोर्टाच्या गळ्यात बांधायला निघाले होते. ओरड झाली, त्याच महिन्याच्या ३० तारखेला सरकारनं माघार घेतली. मडकं गेलं, पण शिक्का राहिला. आणि दहावीच्या आत शाळा सुटलेली पोरं कुठल्या वस्त्यांतली असतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्यातल्या शिकलेल्यांकडं वळतो. तुम्ही म्हणाल, आम्ही दहावी झालो, एम.ए. झालो, आमचं पान कोरं आहे. थांबा. अमेरिका २०१९ पासून व्हिसाच्या अर्जात पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती मागते. १८ जून २०२५ ला तिनं विद्यार्थ्यांना सांगितलं : खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी करा, आम्ही वाचणार. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी वर नोकरीला जाणाऱ्यांनाही तेच लागू झालं.

आमच्यातल्या एका पोराला बाहेरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. आई धुणीभांडी करते. हा पोरगा आठ दिवस रात्ररात्र बसून आपलंच लिखाण पुसत होता. खैरलांजीवर लिहिलेलं पुसलं. रोहित वेमुलावर लिहिलेलं पुसलं. गाझावरची कविता पुसली. मला म्हणाला, "यातलं नक्की काय खटकेल हे सांगतच नाहीत, म्हणून सगळंच काढतोय." मी त्याला दोष देत नाही. आईच्या हाताकडं बघून त्यानं ते केलं. पण व्यवस्थेचा डाव ओळखा. तिनं एकही ओळ खोडली नाही, एकही पुस्तक जप्त केलं नाही. ज्याचं लिखाण त्याच्याच हातानं पुसून घेतलं. श्रीमंताच्या पोराला पुसायला काय असतं? गोव्याचे फोटो. ज्याच्याकडं बोलण्यासारखं आहे त्यालाच गप्प व्हावं लागतं.

कुणी म्हणेल, मग सुरक्षा नको का? पाहिजे. २००८ साली सी.एस.टी.वर गोळ्या लागून जे पडले ते गावाला निघालेले, तिकीट काढून बसलेले तुमच्या-माझ्यासारखेच होते. पण ते दहा मारेकरी कुठल्या रांगेतून आले? समुद्रातून होडीनं आले, मच्छीमारांच्या वस्तीपाशी उतरले. आणि ज्यानं आधी येऊन ताजपासून सगळ्या जागा टिपून नेल्या तो हेडली? अमेरिकन पासपोर्ट, नवं नाव, रीतसर व्हिसा. काउंटरवर त्याचे हात कुणी बघितले नाहीत. त्यानंतर २००९ साली आपल्या सरकारनं केलं काय, तर पर्यटकानं देश सोडला की दोन महिने परत यायचं नाही असा नियम काढला. नेपाळ बघून परत येणारी साधी माणसं अडकली. २०१२ मध्ये तो बहुतेकांसाठी मागे घ्यावा लागला. अमेरिकेत २००१ साली विमानं पळवणारे १९ च्या १९ जण व्हिसा घेऊनच आत आले होते. एका माणसाचा माग काढणं ही पोलिसांची मेहनत. अख्ख्या जमातीला रांगेत उभं करणं हा आळस, आणि त्या आळसाला सुरक्षा म्हणतात.

आणखी एक गंमत. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं सांगणारे कोण होते? १८८८ साली विलायतेला निघाले म्हणून गांधींना त्यांच्या जातीनं मुंबईत वाळीत टाकलं. आज व्हिसाच्या रांगेत सगळ्यात पुढं तेच समुद्रबंदीवाले आहेत, आणि पलीकडं पोचल्यावर तिथंही जात घेऊन जाताहेत.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींना नाव काय दिलं होतं? 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. १९१३ साली ते न्यूयॉर्कला उतरले, शिकले. १९१७ साली अमेरिकेनं हिंदुस्थानासकट आशियाचा मोठा पट्टा इमिग्रेशनला बंद केला. आणि त्याच १९१७ साली परत आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी सराईतून लाठ्या घेऊन बाहेर काढलं. १९३४ साली कार्यकर्त्यांबरोबर दौलताबादचा किल्ला बघायला गेले, हौदाच्या पाण्यानं तोंडं धुतली म्हणून गिल्ला झाला. शेवटी आत सोडलं ते बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, कुठं पाण्याला शिवू नयेत म्हणून. फिरायला आलेली माणसं, स्वतःच्या देशात, आणि मागं पहारा! त्यांनी हे परदेशी वाचकांसाठी लिहिलं. व्हिसा हा शब्द त्यांनी उगाच निवडला नाही.

तेव्हा आपली मागणी 'आम्हालाही विश्वासूंच्या दारातून सोडा' ही असता कामा नये. आपल्यातल्या चार जणांना ते दार उघडेल, आणि गवंडी तिथंच उभा राहील. मागणी अशी हवी : पासपोर्ट एकच, त्यावर शिक्का नको. १९८३ चा कायदा बदलण्याचा मसुदा सरकारनं २०२५ मध्ये काढला आहे, तेव्हा हे बोलायची वेळ हीच. तपासायचंय तर दलालाला आणि मालकाला तपासा. विमानातून माणूस उतरवला तर कारण लेखी द्या, आणि कारण खोटं ठरलं तर तिकिटाचे पैसे भरा. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि ते मनमानीनं काढून घेता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच मनेका गांधी खटल्यात सांगितलंय. मंत्र्याच्या सुनेला, पंतप्रधानांच्या सुनेला जो कायदा लागतो तो गवंड्यालाही लागला पाहिजे.

आणि रांगेत तुमच्या पुढच्या माणसाला त्याच्या दाढीवरून, नावावरून बाजूला काढलं तर खाली मान घालून पुढं सरकू नका. थांबा, कारण विचारा. वेस राखायचं काम आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं, महाडला पाण्याला शिवलो, १९५६ ला मेलेली ढोरं ओढणाऱ्या धर्मालाच रामराम ठोकला. दुसऱ्याची वेस राखायची वेठ पुन्हा अंगावर घेऊ नका.

जय भीम!